अंगावर राहिलेले दिवस

माझी आई कुणाचं काही ठेवून घेणाऱ्यातली नव्हती. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं तर ती वाटी आमच्या घरून रिकामी परत जायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर कढीपत्त्याची चार पानं. या स्वभावाचा मला फार राग यायचा, कारण ती वाटी पोचवायला मलाच पिटाळलं जाई. अशा बाईच्या अंगावर दुसऱ्या एका बाईचं देणं राहिलं आणि ते तिला शेवटपर्यंत फेडता आलं नाही. पैशांचं असतं तर कुठूनतरी आणून देऊन मोकळी झाली असती. ते दिवसांचं होतं.

आमचं गाव जालन्याकडच्या टेंभुर्णीपासून आत, कच्च्या रस्त्याचं. तिथं तण काढायच्या, निंदणीच्या दिवसांत बायका वारंगुळा करीत. म्हणजे आज सगळ्यांनी मिळून हिच्या शेतात निंदायचं, उद्या तिच्या. जिच्या शेतात काम झालं तिच्या अंगावर प्रत्येकीचा एक दिवस चढायचा, आणि तो तिनं त्या बाईच्या शेतात जाऊन फेडायचा. मजुरीचं नावही काढायचं नाही, दिवसाला दिवस. एखादीला स्वतः जायला जमलं नाही तर लेकीला नाहीतर सुनेला बदली पाठवायची मुभा होती. एक गोष्ट मात्र चुकवून चालत नसे, ती म्हणजे बोलावणं. जिचं काम असेल तिनं आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन 'उद्या आमच्याकडं या' म्हणायचं. बोलावून आलेला दिवस तेवढा फेडायचा. न बोलावता कुणी कुणाच्या शेतात उतरतच नसे, त्यामुळं तसल्या दिवसाचं काय करायचं हा प्रश्न गावात कधी कुणाला पडला नव्हता. तो माझ्या आईला पडला.

आमच्या बांधाला बांध लागून जिचं शेत होतं, तिला आई अक्का म्हणायची आणि मी मावशी. घर बौद्धवाड्यात, जमीन थोडी, पण जीव लावून केलेली. ती आईपेक्षा वयानं मोठी. तरी ती आईला 'बाई, तुम्ही' म्हणे आणि आई तिला 'अक्का, तू' म्हणे. तेव्हा यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, मलाही नाही. निंदताना दोघींच्या पाती, म्हणजे धरलेल्या ओळी, शेजारी शेजारी असत. आईचं कोरड्यास तिला आवडायचं आणि तिच्या हातची लाल मिरचीची चटणी आई मागून घ्यायची. हे सगळं बांधावर. गावात आली की ती आमच्या ओट्यापाशी उभी राहून बोलायची आणि आई दारात उभी राहून ऐकायची. उंबऱ्याच्या आत ये, असं आमच्या घरातून तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी भोकरदनला बारावीला होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. त्या पावसाळ्यात आईच्या अंगावरून फार जायला लागलं. आधी तिनं लपवलं, मग एक दिवस चुलीपुढंच चक्कर येऊन पडली. जालन्याच्या डॉक्टरांनी पिशवी काढायची म्हणून सांगितलं. वडील तिला घेऊन गेले ते तिकडंच अडकले, कारण टाके पिकले आणि ताप उतरेना. घरी मी आणि म्हैस.

शेतात कपाशी होती आणि पावसानं उघडीप दिलेली. अशा उघडिपीत गवत असं उठतं की दोन-चार दिवसांत कपाशी शोधावी लागते. आई असताना मला खुरप्याला हात लावू देत नसे. तिला मला शिकवायचं होतं आणि शिकणाऱ्या पोरीचे हात मऊच राहायला हवेत अशी तिची काहीतरी समजूत होती. त्यामुळं मला ना निंदता येत होतं, ना बायका जमवता येत होत्या. तरी एका संध्याकाळी धीर करून दोन घरी बोलावणं घेऊन गेले. पहिली चुलीतली लाकडं सारत बसली. दुसरी चांगल्या मनाची होती, तिनं सरळ विचारलं, "येतो गं माय, पण फेडणार कोण? तुझ्या आईला आता वाकता येतंय का कधी, कोणाला ठावं." तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्याही शेतात गवत होतंच. मी परत आले आणि म्हशीच्या गोठ्यात बसून रडले. घरात रडायला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी चाऱ्यासाठी शेतात गेले तर आमच्या कपाशीत मावशी. एकटी. पदर कमरेला खोचून पात धरलेली आणि मागं उपटलेल्या गवताचे ढीग.

"मावशी, मी तर तुम्हाला बोलावलं न्हाई," मी म्हणाले. काय बोलावं ते न सुचल्यावर माणूस असंच काहीतरी बोलतं.

"मंग? मी काय तुझ्या बोलावण्याची वाट पाहून राह्यले का?" तिनं मानही वर केली नाही. "जा, जल्दी जा. गाडी हुकंल तुझी."

ती रोज येत राहिली. सकाळी यायची, उन्हं कलेपर्यंत पात सोडायची नाही. बांधापलीकडं तिचा मूग उभा होता. शेंगा काळ्या पडत चाललेल्या मलासुद्धा दिसत होत्या आणि मला शेतीतलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, तुमचा मूग तोडायला आलाय." ती म्हणाली, "मूग कुठं पळून जातो का? एवढा तुकडा झाला की तोडते." तो तुकडा झाला, शेवटची पात बांधाला लागली आणि त्याच रात्री झड लागली. ती लवकर उघडलीच नाही. उघडली तेव्हा मुगाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले होते. तिच्या घरात त्या वर्षी मूग गेला नाही. तिच्या धाकट्या मुलाच्या शाळेचा सगळा खर्च त्या मुगावर ठरलेला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आई परत आली ती वाळून गेलेली. बैलगाडीतून उतरल्यावर घरात न जाता म्हणाली, आधी शेत दाखवा. वडिलांनी धरून नेलं. आमची कपाशी स्वच्छ, कमरेला लागलेली, आणि बांधापलीकडं तो काळा, कोंबांनी पांढरा पडलेला मूग. आई बांधावर उभी राहिली. मी शेजारी उभी होते. ती एवढंच म्हणाली, "हे तुम्ही होऊ कसं दिलं?" मी काय करणार होते? वडिलांकडं पाहिलं, तर ते आपले पायाशी ढेकूळ फोडत उभे.

पुढची चूक वडिलांनी केली. पुरुषमाणूस, त्यांना वाटलं मजुरी देऊन टाकावी, विषय संपला. ते बौद्धवाड्यात जाऊन पैसे पुढं करून आले. मावशी संध्याकाळी ओट्यापाशी आली आणि पैसे ओट्यावर ठेवून म्हणाली, "बाई, मालकाला सांगा, मी रोजानं आल्ते न्हाई." आई दाराला धरून उभी होती. तिनं पहिल्यांदा म्हटलं, "अक्का, आत तर ये." मावशी ओट्याच्या कडेला टेकली. "इथं बरंय. वारं लागून राह्यलंय." थोडी बसली, आईच्या टाक्यांचं विचारलं, आणि गेली. आईनं त्या दिवशी वडिलांशी जो अबोला धरला तो चांगला आठवडाभर.

पुढच्या वर्षी डॉक्टरांचं सांगणं धाब्यावर बसवून आईनं खुरपं हातात घेतलं. तिचा हिशेब सरळ होता. अक्का न बोलावता आली, तर आपणही न बोलावता जायचं, म्हणजे फिटलं. एका सकाळी ती गुपचूप मावशीच्या शेतात जाऊन निंदायला बसली. मावशी आली, पाहिलं, आणि हसत म्हणाली, "बरं झालं आलात बाई. मी बोलवायला येणारच व्हते." झालं. तो दिवस बोलावल्याचा झाला. दुसऱ्या दिवशी मावशी आमच्या कपाशीत हजर, फेडायला.

असं एकदा नाही, दर हंगामात चाललं. आई पहाटे जाई, मावशी 'बोलावणारच व्हते' म्हणे आणि दुसऱ्या दिवशी दिवस परत करून मोकळी होई. आई घरी येऊन चिडचिड करायची. "बिलकुल फेडू देत न्हाई ही बाई मला!" मला हसू यायचं. मी म्हणायचे, "अगं, ती नको म्हणते तर सोड की." त्यावर आई माझ्याकडं अशी बघायची की एवढं शिकून ही पोरगी कोरडीच राहिली. एकदा मात्र चिडली नाही. भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तिला आपण कधी घरात घेतलं न्हाई. अन् तिनं आपलं शेत वाचवलं. मंग मी आता कोणत्या तोंडानं नुसती बसू?" मी हसायची बंद झाले ती तेव्हापासून.

मग मावशीचा धाकटा मुलगा, ज्याची शाळा त्या मुगावर अडली होती, तो उशिरानं का होईना शिकून मास्तर झाला. त्याला जालन्याला नोकरी लागली. त्यानं आईबापाला तिकडं नेलं आणि शेत बटईनं दिलं. काही वर्षांनी तेही विकलं. निरोप द्यायला आई वेशीपर्यंत गेली होती. परत आली तेव्हा ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आता शेत दुसऱ्याच्या हातात गेलं. आता कुठं जाऊन निंदू?" मी सासरी जायच्या तयारीत होते, माझ्या डोक्यात भलतंच चाललेलं. तिचं बोलणं मी ऐकलं, पण त्याला उत्तर द्यायचं असतं हे लक्षात आलं नाही.

नवं शतक लागलं तोवर वडील गेलेले होते. लग्न होऊन मीही जालन्यातच आले होते आणि एका कार्यालयात कारकून होते. आईला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. मी तिला घरी आणलं. पडल्या पडल्या डाव्या हातानं ती उजवा हात उचलायची आणि सोडून द्यायची. तो धपकन गादीवर पडायचा. ते मला बघवत नसे, पण कामाला जायचं असे, बघावंच लागे.

मावशीचं घर आमच्यापासून जवळच, स्टेशनच्या पलीकडं आहे, हे आईला कुणाकडून तरी कळलं. त्या दिवसापासून एकच धोशा. "तू जा. बदली जा."

"आई, कशाची बदली? तिथं शेत आहे का? पक्कं घर आहे त्यांचं. जाऊन मी काय फरशी निंदू?"

"जे सांगंल ते कर. पण न बोलावता जा."

एका रविवारी गेले. काय तोंडानं गेले ते मलाच माहीत. मुलाचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, भांड्याला बाई लावलेली. मावशी वाळून एवढीशी झाली होती, पण मला दारातच ओळखलं. मी आईचा निरोप सांगितला. बदली आलेय, काहीतरी काम सांगा. मग मावशीचा चेहरा जुन्यासारखाच उजळला आणि ती म्हणाली, "बरं झालं आलीस. मी बोलावणारच व्हते तुला."

मला तिथंच कळायला हवं होतं. तिनं ताटात तुरीची डाळ ओतून माझ्यापुढं ठेवली, निवड म्हणाली. मी निवडायला बसले. त्या डाळीत निवडण्यासारखं काही नव्हतं. एक खडा नाही, फोलपट नाही. पिशवीतली निवडलेली डाळ होती ती. तरी मी एकेक दाणा सरकवत बसले आणि ती समोर बसून आईचं विचारत राहिली. हात उचलता येतो का, घास गिळता येतो का. मग तिनं मला आत नेऊन, चुलीजवळ म्हणतात तसं, गॅसच्या ओट्याशेजारी पाटावर बसवून जेवू घातलं. त्या घरात मला कुठंच अडवलं नाही. प्रत्येक घासाला मला आमचा ओटा आठवत होता.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय काम केलं?"

"डाळ निवडली. पुष्कळ होती."

"ती काय म्हणली? बोलावणार व्हते, असं न्हाई ना म्हणली?"

"नाही," मी म्हणाले. आईनं डोळे मिटले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती दुपारची शांत झोपली. मी खोटं बोलले याचं मला काही वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. वाईट वाटलं ते पुढं झालं त्याचं.

तीन-चार दिवसांतच दाराशी रिक्षा थांबली. मावशी उतरली. जिना चढताना दर पायरीला थांबत होती. मी धरायला गेले तर हात झटकला. आत येऊन आईच्या पलंगाशी बसली आणि म्हणाली, "बाई, तुमची पोरगी आल्ती माझ्याकडं. एक दिवस चढला. तो फेडायला आले."

आईनं माझ्याकडं पाहिलं. फक्त पाहिलं. तिच्या तोंडाची उजवी बाजू मेलेली होती, पण त्या नजरेत सगळं होतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि तिथं उगीच नळ सोडून उभी राहिले.

मावशीनं सबंध दिवस काम केलं. तिनं आईच्या डोक्याला तेल लावून केस विंचरले, जखडलेला उजवा हात कोमट पाण्यात धरून बोटं एकेक करून सोडवली, भात कालवून भरवला. आईला हात झटकता येत नव्हता, उठता येत नव्हतं, नको म्हणायला गेली तर शब्द तोंडातच फिरत. जी बाई चिमूटभर साखर घातल्याशिवाय वाटी परत करत नव्हती, ती नुसती पडल्या पडल्या घेत राहिली. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायलाही मावशीच.

चार वाजायच्या सुमाराला आई बोलली. जड, तुटक, पण मला सगळं ऐकू आलं.

"अक्का, तुझा मूग गेला. माझ्यापायी."

"गेला तं गेला. मुगाचं काय घेऊन बसलात."

"तू मला फेडू देत न्हाईस. आयुष्यभर न्हाई दिलंस. मी अशीच जाऊ का?" आणि मग डाव्या हातानं तिचा पदर धरून, "एकदा तरी बोलाव मला. तुझ्या तोंडानं. तुझ्या कामाला."

मला वाटलं मावशी हसून काहीतरी उडवून लावील. तिला ते चांगलं जमत होतं. पण तिनं आईचा हात पदरावरून सोडवला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

"उद्या ये माझ्याकडं. निंदायचं राह्यलंय."

"येते," आई म्हणाली. अगदी स्पष्ट.

मी मावशीला खाली रिक्षापर्यंत सोडलं. ती म्हणाली, "मागून राह्यली व्हती बिचारी. दिलं. दुसरं काय देणार?" आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागली. मलाही वाटलं, बरं झालं, सुटलं एकदाचं. त्या संध्याकाळी आईनं न मागता दोन घास जास्त खाल्ले.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर आई जागी होती. डाव्या हातानं कसाबसा पदर डोक्यावर ओढून घेतलेला, पाय पलंगाच्या कडेला आणायची धडपड चाललेली. एक पाय येत होता, दुसरा येत नव्हता.

"अगं, काय करतेस?"

"जल्दी कर," ती म्हणाली. "ऊन चढंल. अक्कानं बोलावलंय मला."

मी समजावलं. मग रागावले. मग म्हटलं, शेत विकलं गं त्यांनी, कधीच विकलं. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मला माहीत न्हाई का? पण तिनं बोलावलंय. बोलावल्यावर जावं लागतं."

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. तिला धरून उठवलं, वेणी घातली, दोन्ही पायांत चपला घातल्या. उजव्या पायाची पुन्हा पुन्हा गळून पडत होती, ती शेवटी नाडीनं बांधली. मग तिला ओढत आणून दाराजवळच्या खुर्चीत बसवलं, कारण त्याच्या पुढं जिना होता. ती बाहेर बघत बसली आणि मी तिच्या पायाशी फरशीवर बसले. चहा आत तसाच राहिला.